काचेचं कौल

नंदगडात आमच्या गल्लीला एकच टीव्ही,
इराप्पा तिगडींच्या सोप्यात,
आणि छपरावर चढवायला एकच पोरगी, मी.
वजन कमी. खानापुरी कौल माझ्या पायाखाली
कुरकुरायचं, फुटायचं नाही.
"चढ गे शेवे," एवढंच म्हणायचे.

दांडी धारवाडकडं वळवली की कानडी,
आंबोलीकडं वळवली की मराठी,
मधेच कुठं धरली की मुंग्या.
खालून मल्लव्वा ओरडायची, "बंत, बंत!"
आणि लगेच, "होतु!"
तिच्यात होतु म्हणजे गेलं.
आमच्यात होतं म्हणजे होतं.
पहिला महिनाभर ती होतु म्हणाली की
मी दांडी आहे तिथंच घट्ट धरून बसायची
आणि खालून शिव्या.

टीव्ही मला कधी दिसला नाही.
चुलीच्या अंगाला एक काचेचं कौल होतं,
त्यातनं दिसायचे ते बघणारे.
निळे. तोंड उघडं टाकून बसलेले.

बोकडानं नवरदेवाचं बाशिंग खाल्लं, तो रविवार.
बोकड मी बघितला नाही.
रेशन दुकानाचा गुंडू शेट बघितला,
मापात कधी दाणा जास्त न टाकणारा,
हसता हसता त्याची कवळी ओंजळीत पडली,
मग सगळे त्याच्याकडंच बघत हसले
आणि पुढचं लग्न कुणीच बघितलं नाही.

आणि पोस्टमनचा रविवार.
त्या आठवड्यात बंद होता, एसटीच्या काचा फुटल्या होत्या,
स्टँडवरच्या दोन पाट्या डांबरानं काळ्या.
सातेरीच्या नखांत डांबर होतं, बसलिंगच्याही.
कुणी कुठली पाटी, ते विचारायचं नव्हतं.
जागा नव्हती म्हणून एकाच पोत्यावर बसले दोघं.

माझं कानडी छपरावरच शिकलेलं,
अर्धं वाऱ्यानं नेलेलं,
तरी एवढं कळलं :
पाकिटातला कागद कोरा आहे,
आणि पोस्टमन म्हातारीला तिच्या लेकाचं पत्र वाचून दाखवतोय.
लेक बरा आहे. थंडी आहे तिकडं. जेवण मिळतं.
मग आवाजच नाही.
मला वाटलं दांडी सरकली.
तेवढ्यात गांधीलमाशी कोपराला डसली
आणि खालून मल्लव्वा, दबक्या आवाजात,
"अल्लाडब्याड!"
हलले नाही.

काचेतनं बघितलं.
सातेरी टॉवेल चावत होता.
बसलिंग पोत्याची सुतळी उसवत होता, सगळी उसवली त्यानं.
इराप्पा, ज्याचा टीव्ही,
म्हशीला बघायला म्हणून उठला
आणि गोठ्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

खाली उतरले तर कोपर सुजलेलं, डोळ्यांत पाणी.
मल्लव्वानं पोटाशी धरलं,
"तुला बी लागलं न्हवं, बाळे?"
माशीचं मी सांगितलं नाही.

नंतर विचारत फिरले, काय दाखवलं?
सातेरी म्हणाला, म्हातारी रडली.
बसलिंग म्हणाला, छे, पोस्टमन.
गुंडू शेट म्हणाला, दोघं, गळ्यात पडून,
आणि मागं सनई.

गेल्या महिन्यात भाच्याच्या पोरानं
ते फोनवर शोधून दिलं.
चाळीस सेकंद.
पोस्टमनची मिशी एका बाजूनं सुटत आलेली.
तो कागद घडी करतो, म्हातारी म्हणते, चहा घे,
आणि मग नुसती सायकल दिसते, भिंतीला टेकलेली.
कोणीच रडत नाही.
सनईही नाही.

तीनदा बघितलं.
चौथ्यांदा फोन अडकला, चक्र फिरत राहिलं,
आणि माझा हात आपोआप वर गेला,
थोडा धारवाडकडं.

मल्लव्वाला आता दिसत नाही.
उंबऱ्यावर बसून आवाजावरनं ओळखलं असणार तिनं,
मान तिरकी करून ऐकत होती.
आवाज थांबल्यावर म्हणाली, "होतु?"

"होतं," मी म्हटलं.